हेलनचा अंगठा

विजयी वीर कसा दिसावा, याचे काही ठरलेले नियम आहेत. छाती पुढे, हातात शस्त्र, नजर थेट क्षितिजावर. ओनोरे दोमिए या फ्रेंच व्यंगचित्रकारानं १८४१ साली ‘विजयी मेनेलाउस’ काढला तेव्हा हे सगळे नियम पाळले. मागे ट्रॉय जळतंय आणि दहा वर्षं लढून परत मिळवलेली बायको घेऊन स्वारी निघाली आहे. वेश योद्ध्याचा, ऐट मात्र पॅरिसच्या एखाद्या सुखवस्तू दुकानदाराची! आणि शेजारची जगप्रसिद्ध सुंदरी, अंगानं चांगली भरलेली हेलन, नाकाला अंगठा लावून नवऱ्याला चक्क वाकुल्या दाखवते आहे.

खाली चार भारदस्त ओळींची कविता आहे. तीत हेलन लाजरी आणि प्रेमळ वगैरे आहे. म्हणजे कविता हे लेजर आणि चित्र हे व्हाउचर. दोन्हींत फरक निघाला तर खरं काय मानायचं, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

‘ल शारिवारी’ या पत्रातल्या पन्नास चित्रांच्या ‘प्राचीन इतिहास’ मालिकेतलं हे पहिलं. राजा लुई-फिलिपला अधाशी राक्षस म्हणून रंगवल्याबद्दल दोमिए १८३२ साली तुरुंगात जाऊन आला होता. १८३५च्या कायद्यानं तर राजकीय व्यंगचित्रांचं तोंडच बंद केलं. तेव्हा त्यानं आधी पॅरिसचा मध्यमवर्ग धरला आणि मग ग्रीक वीर. राजे दोन्हीकडे सारखेच. फक्त मेनेलाउस अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही!

सगळीच चित्रं अशी जमलेली नाहीत. ओघळलेल्या पोटांची आणि काटकुळ्या पायांची गंमत पुढे पुढे ओळखीची होते. पण जिवंत झालेला पुतळा वाकून पिग्मॅलियनच्या डबीतली चिमूटभर तपकीर घेतो, ते चित्र पाहून हसू आलं नाही तर डॉक्टरला दाखवावं. बोदलेरचा एक कविमित्र मात्र या मालिकेवर भडकला होता. त्याच्या मते हे पाप होतं. बोदलेरला ते पटलं नाही, मलाही पटत नाही. दोमिए होमरला हसत नाही. होमरचं नाव घेऊन गंभीर चेहरे करणाऱ्यांना हसतो.

आमच्या सौ.नी चित्र पाहून एकच विचारलं, “एवढी माणसं मारली, पण तिला परत यायचंय का, हे कुणी विचारलं होतं का?”

समीक्षा म्हणतात ती हीच. दोमिएनं हा प्रश्न एका बोटात मांडला आहे. बँकेत अंगठा उठवला की रक्कम पोचल्याची पावती होते. हेलननंही दहा वर्षांच्या युद्धाची पोच अंगठ्यानंच दिली आहे.