मुक्कामाची रात्र

मिकेलांजेलो अंतोनियोनीच्या ‘लाव्हेंतुरा’चा विषय निघाला की बोलणं हमखास त्या बेटापाशी जातं. लिस्का बियांका हे सिसिलीच्या उत्तरेकडचं उजाड खडकाळ बेट. सहलीला आलेली आन्ना तिथे नाहीशी होते आणि चित्रपट संपेपर्यंत सापडत नाही. १९६० साली कान महोत्सवात प्रेक्षकांनी या चित्रपटाची हुर्यो उडवली, आणि त्याच महोत्सवात त्याला ज्यूरीचं पारितोषिकही मिळालं. बेटाचं सगळं कौतुक मला मान्य आहे. पण मी या चित्रपटाकडे पुन्हा पुन्हा वळतो तो शेवटच्या मुक्कामासाठी. ताओर्मिनाच्या उंच कड्यावर, समुद्राच्या माथ्यावर उभ्या असलेल्या सान दोमेनिको पॅलेस या आलिशान हॉटेलातली ती एक रात्र.

आन्नाचा प्रियकर सान्द्रो आणि तिची मैत्रीण क्लाउदिया तिला शोधायला निघतात. कुणी म्हणतं, ती अमुक गावात दिसली. की हे त्या गावाला. बंद खिडक्यांचं एक ओसाड गाव लागतं, नोतो लागतं. शोध हळूहळू मागे पडतो आणि दोघं एकमेकांत गुंततात. चाकं फिरत आहेत तोवर हे निभून जातं. पुढचं गाव गाठायचं असलं की माणसाला मनाशी हिशेब मांडावा लागत नाही. ताओर्मिनाला मात्र सामान खोलीत येतं, पलंग तयार असतो. क्लाउदिया थकलेली आहे, तिला झोपायचंय. सान्द्रोचा मालक याच हॉटेलात उतरलाय, म्हणून तो खाली पार्टीला जायला निघतो. जाताना ती लाडात येऊन त्याच्याकडून प्रेमाची कबुली मागते. तो ती देतो. मग ती पुन्हा एकदा म्हणायला लावते, तर तो नेमकं उलटं म्हणतो, आणि तेही तितक्याच सहज म्हणून टाकतो. दार लावून गेलेला सान्द्रो परत येऊन चूक दुरुस्त करतो खरा, पण दोन्ही वाक्यांना एकच वजन होतं, हे आपल्या कानांनी टिपलेलं असतं. सगळी थट्टाच चाललेली, आणि तरी पोटात खड्डा पडतो.

मग ती एकटी. झोप येत नाही. अंतोनियोनी ही रात्र घाईने उरकत नाही. जागणाऱ्या माणसाची रात्र जशी सरता सरत नाही, तशी तो ती पडद्यावर राहू देतो. ती उठते, खिडकीशी जाते, बाहेर फटफटायला लागतं. ही वास्तू मुळात डोमिनिकन साधूंचा मठ. तिचं हॉटेल झालं १८९६ साली. चित्रपट याचा उच्चार करत नाही. मला मात्र त्या लांबच लांब ओवऱ्या पाहताना ते विसरता येत नाही. या भिंतींनी माणसांना रात्री जागताना आधीही पाहिलंय. विसाव्यासाठी म्हणून घेतलेल्या खोलीत क्लाउदियाच्या वाट्याला येतं ते जागरणच.

पहाटे ती सहलीतल्या पात्रित्झियाच्या खोलीत जाते आणि मनातलं बोलते. आन्ना परत आली असेल, अशी तिला धास्ती वाटतेय. काही दिवसांपूर्वी आन्ना मेली असेल या कल्पनेनेच ती कोसळत होती. आता आन्ना जिवंत असेल, याचं तिला भय आहे. क्लाउदिया झालेली मोनिका वित्ती हे ज्या निरागस घाबरेपणाने बोलते, त्याला मी तिच्या अभिनयाचा कळस मानतो. स्वतःबद्दल इतकं भयंकर काही कळल्यावर रडायचं असतं, हेही क्लाउदियाला अजून सुचलेलं नाही.

त्यानंतरची तिची धाव. आदल्या रात्री माणसांनी गजबजलेले दिवाणखाने आता रिकामे. ती धावत जाते आणि एका कोचावर तिला सान्द्रो दिसतो, दुसऱ्या बाईच्या मिठीत. ती आन्ना नसते. म्हणजे ज्याची भीती होती ते घडलेलंच नाही, आणि जे घडलंय त्याची तिला कल्पनाही नव्हती. त्या बाईच्या अंगावर नोटा फेकून सान्द्रो निघतो, हा भाग मला जरा ठळक वाटतो. इतकं अधोरेखन इथे नको होतं.

पण पुढे बाहेरची ती मोकळी जागा येते. बाजूला पडक्या चर्चचा मनोरा. सान्द्रो बाकावर बसून रडतोय, क्लाउदिया त्याच्या मागे उभी आहे. तिचा हात उचलला जातो, अडखळतो, थांबतो. शेवटच्या चौकटीत अर्ध्या भागात नुसती भिंत आहे, अर्ध्या भागात दूरवर एट्ना. सान्द्रो भिंतीच्या बाजूला, क्लाउदिया पर्वताच्या. आणि तो हात त्याच्या केसांवर टेकतो.

क्षमा म्हणावं, तर तिच्या देहात क्षमेची सैल शांतता नाही. कीव म्हणावी, तर रात्रभर स्वतःचं मन पाहून बसलेली बाई दुसऱ्याची कीव कुठल्या उंचीवरून करणार? मला त्या हातात ओळख दिसते. काही दिवसांत आपण आन्नाला विसरलो, एका रात्रीत हा आपल्याला विसरला. बोटं त्याच्या केसांत तशीच राहतात, समोर एट्ना.