हात लावण्याची जोखीम

अंगाला लावायच्या साबणाच्या वड्या विटांसारख्या रचलेल्या, त्यांची भिंत. प्रत्येक वडीवर ‘थ्रेट’ हा इंग्रजी शब्द उठवलेला. शिल्पा गुप्ता यांच्या या कलाकृतीतून (२००८-०९) प्रेक्षकाने एक वडी उचलून घरी न्यायची. दालनात हात पाठीशी बांधून फिरण्याची सवय लागलेल्या आपल्याला ते सहज जमत नाही. शिवाय खरी पंचाईत घरी गेल्यावरच. वडी वापरली तर धोक्याचा शब्द आपल्याच अंगावर झिजतो, जपून ठेवली तर तो कपाटात शाबूत राहतो. त्याआधी ‘ब्लेम’ या कलाकृतीसाठी याच मुंबईकर कलावतीने कृत्रिम रक्ताच्या बाटल्या घेऊन लोकलचे डबे गाठले होते. तिथे तिकीट होते ते दालनाचे नव्हे, रेल्वेचे.

सहभागाची कला आज जगभर जोरात आहे, पण तिच्यातला हा पेच हरवत चालला आहे असे मला वाटते. यायोई कुसामा यांच्या आरशांच्या खोल्यांसाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. आत मिळते जेमतेम अर्धे मिनिट, आणि तेही बहुतेकांचे फोटोत जाते. खोली सुंदर आहे यात शंका नाही. पण तिथे प्रेक्षकाला काही ठरवावे लागत नाही.

हात लावू देण्यातली संग्रहालयांची अडचणही खरी आहे. १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिस यांनी चढायला, घसरायला, तोल सांभाळायला रचना मांडल्या. लोक असे तुटून पडले की प्रदर्शन काही दिवसांत बंद करावे लागले. ब्राझीलच्या लिजिया क्लार्क यांचे ‘बिशू’ तर मला फार जवळचे. १९६० पासून त्यांनी बिजागऱ्यांनी जोडलेल्या धातूच्या पत्र्यांचे हे ‘प्राणी’ केले. त्यांना पुढची-मागची बाजू नाही. एक पत्रा वळवला की दुसरा आपल्या मर्जीने कलतो, आणि हाताला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. आज मूळ बिशू बहुधा काचेआड असतात. हाताळायला प्रतिकृती मिळते, तीही एखाद्याच प्रदर्शनात. काचेआडचा बिशू पाहताना जीव तुटतो.

हात लावू देऊनही पेच टिकवता येतो. फेलिक्स गोन्सालेस-तोरेस यांच्या १९९१ च्या कलाकृतीत भिंतीच्या कोपऱ्यात रंगीत कागदांतल्या गोळ्यांचा ढीग आहे. त्याचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. त्याच वर्षी एड्सने गेलेल्या त्यांच्या जोडीदाराचे, रॉसचे, निरोगी असतानाचे हे वजन, असे मानले जाते. आपण वाकून एक गोळी उचलतो, कागद सोडतो, ती तोंडात टाकतो. जिभेवर गोडवा पसरतो आणि कोपऱ्यातला माणूस तेवढा हलका होतो. ढीग पुन्हा भरायचा की नाही, हे कलाकृती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी ठरवायचे.