जेम्स व्हॅन डर झी यांचीं संसारचित्रें

लग्नाचे, जोडप्यांचे व मुलांबाळांचे फोटो काढून जो पोट भरतो त्याला कलावंत म्हणावयाचें कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर आमच्या सुशिक्षित वर्गानें फार पूर्वींच देऊन टाकलें आहे. चित्रकार तो कलावंत. फार तर निसर्गाचीं वा युद्धाचीं छायाचित्रें घेणारा तोही कलावंत. परंतु नाक्यावरच्या स्टुडिओंत पडद्यापुढें खुर्ची मांडून "जरा मान वर करा" असें सांगणारा तो मात्र केवळ कारागीर. आम्हीं स्वतः बरींच वर्षें हेंच मत बाळगलें होतें. स्टुडिओंतील छायाचित्र म्हणजे उसन्या ऐटीचा नमुना. पडदा खोटा, फुलदाणी खोटी आणि चेहऱ्यावरचें हंसूंही खोटें, असें आम्ही म्हणत असूं. न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांत सुमारें अर्धशतक हा धंदा करणाऱ्या जेम्स व्हॅन डर झी यांचीं छायाचित्रें पाहिल्यावर हें मत आम्हांस सोडावें लागलें. तें कां, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

व्हॅन डर झी यांचा जन्म २९ जून १८८६ रोजीं अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, लेनॉक्स या लहानशा गांवीं झाला. लहानपणींच त्यांच्या हातीं कॅमेरा आला. पण संगीताची ओढही तितकीच होती, आणि पियानो व व्हायोलिन हीं दोन्ही वाद्यें ते वाजवीत. विशीच्या सुमारास ते न्यूयॉर्कला आले. तेथें त्यांनीं वाढप्याचें काम केलें, लिफ्ट चालविली, पुढें एका मोठ्या दुकानाच्या फोटो-विभागांतील अंधाऱ्या खोलींत नोकरी धरली. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळांत हार्लेममध्यें स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्याचें नांव त्यांनीं 'गॅरंटी फोटो स्टुडिओ' असें ठेवलें. नांव धंदेवाईक खरें. परंतु हमी कसली, हें पुढें पाहूं.

त्या काळच्या हार्लेमची थोडी ओळख करून घेतल्यावांचून या चित्रांचें मर्म कळणार नाहीं. गुलामगिरी कायद्यानें संपून पन्नास वर्षें झालीं होतीं. तरी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळा, आगगाडींत वेगळे डबे आणि केव्हां केव्हां झुंडीच्या हातून मरण, हें चालूच होतें. म्हणून असंख्य कुटुंबें उत्तरेकडील शहरांत येऊं लागलीं, आणि हार्लेम ही त्यांची जणूं राजधानी झाली. इतरत्र छापून येणाऱ्या चित्रांत या लोकांना पाहावें, तर बहुधा एक तर दांत विचकणारा विदूषक, नाहीं तर गुन्हेगार. असा हा माणूस लग्न झाल्यावर, घरांत मूल आल्यावर किंवा नवा कोट शिवल्यावर व्हॅन डर झी यांच्या स्टुडिओचा जिना चढे. तयार झालेलें छायाचित्र घरच्या भिंतीवर लागे आणि एखादी प्रत टपालानें दूर राहिलेल्या आप्तांकडे जाई. आपण येथें कसे आहों, हें सांगणारें तें एक पत्रच होतें. व्हॅन डर झी यांनीं मोर्चे आणि सभाही टिपल्या आहेत. १९२४ सालीं मार्कस गार्वे यांच्या संघटनेचे ते अधिकृत छायाचित्रकार होते. परंतु त्यांचें खरें स्वत्व दिसतें तें या घरगुती चित्रांत.

१९२६ च्या सुमाराचें त्यांचें एक चित्र फार प्रसिद्ध आहे. त्याच्या नांवाचें मराठी 'भावी आशा' असें कांहींसें होईल. नुकतेंच लग्न झालेलें एक जोडपें बसलें आहे. वधूच्या अंगावर लग्नाचा पांढरा पोशाख, जवळ फुलांचा मोठा गुच्छ, मागें पडद्यावर रंगविलेली घरगुती शेगडी. येथवर सर्व नेहमींप्रमाणें. परंतु त्यांच्या पायांशीं एक लहान मुलगी बाहुली घेऊन बसलेली दिसते, आणि तिच्या शरीरांतून पलीकडचें सर्व कांहीं दिसतें. ही मुलगी त्या बैठकींत नव्हती. दुसऱ्या निगेटिव्हवरील प्रतिमा या चित्रावर छापलेली आहे. जें मूल अजून जन्मास आलें नाहीं, त्याला व्हॅन डर झी यांनीं आईबापांच्या लग्नाच्या चित्रांतच जागा करून ठेवली आहे.

प्रथमदर्शनीं ही युक्ति बाळबोध वाटते. एखाद्या भुताच्या गोष्टीची आठवण होते. पण जरा विचार करावा. नव्या सुनेनें वांकून नमस्कार केला कीं 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवणारे आपले वडील लोक याहून निराळें काय करीत असत? त्यांच्या डोळ्यांपुढेंही तीं मुलें अशींच अर्धवट दिसत असलीं पाहिजेत. छायाचित्र हें घडून गेलेल्या क्षणाची नोंद करतें, असें आपण धरून चालतों. येथें तें आशीर्वाद देत आहे. आमच्या मतें व्हॅन डर झी यांच्या सबंध कलेची किल्ली या एका गोष्टींत आहे.

त्यांची रीटचिंगची पद्धत पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. ते निगेटिव्हवर बारीक हत्यारानें काम करीत. तिरळा डोळा सरळ करावा, वांकडे दांत नीट करावे, सुरकुत्या पुसाव्या, गळ्यांत नसलेला दागिना कोरून घालावा. आणि हें सर्व ते लपवीत नसत, उघडपणें सांगत. पुष्कळ चित्रांच्या कोंपऱ्यांत त्यांनीं आपली सही आणि साल घातलें आहे. आतां हें खोटें नव्हे काय, असा आक्षेप निघेल. न्यायालयांत पुरावा म्हणून ठेवावयाचें असेल, तर हें खोटेंच. परंतु जो मनुष्य नवा पोशाख करून फोटोस बसतो, तो पुरावा देण्यासाठीं आलेला नसतो. आपण जें होऊं इच्छितों त्याची साक्ष कोठें तरी राहावी, एवढीच त्याची इच्छा असते. आणि स्टुडिओच्या पाटीवरील हमी तिचीच होती. लग्नाच्या दिवशीं उसना शालू नेसलेल्या मुलीला आपण लबाड म्हणत नाहीं.

या विचारास कसोटी लावणारें एक चित्र १९३२ सालचें आहे. अमेरिकेंत मंदीनें कहर केला असतां, रॅकून या प्राण्याच्या केसाळ कातड्याचे लांब कोट घातलेलें एक जोडपें त्यांत दिसतें. पुरुष कॅडिलॅक मोटारींत बसला आहे आणि स्त्री मोटारीशेजारीं उभी आहे. त्याच दशकांत ॲरन सिस्किंड आणि 'फोटो लीग' या संस्थेंतील त्यांचे सहकारी याच हार्लेमचीं छायाचित्रें घेत होते, आणि त्यांत तेथील हलाखी ठळकपणें आली आहे. मग कोणतें हार्लेम खरें? दारिद्र्य दाखवील तें खरें आणि वैभव दाखवील तें खोटें, असा निवाडा करण्याकडे आपला कल असतो. तो आमचाही होता. सिस्किंड यांच्या चित्रांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. मात्र आपण कसें दिसावें हें ठरविण्यांत त्या चित्रांतील माणसांचा वांटा फारसा नव्हता. व्हॅन डर झी यांच्याकडे येणारा माणूस कपडे करून, पैसे मोजून, आपल्या पायांनीं आलेला असे. त्याला जें सांगावयाचें होतें तेंही हार्लेमच्या इतिहासाचाच भाग आहे.

रोलां बार्थ या फ्रेंच टीकाकारांनीं १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथांत व्हॅन डर झी यांच्या १९२६ मधील एका कुटुंबचित्राचा विचार केला आहे. तें कुटुंब गोऱ्यांचा थाट अंगीं आणूं पाहतें आणि त्या धडपडींतील भाबडेपणा मनाला स्पर्श करतो, असा त्यांच्या अभिप्रायाचा आशय आहे. पुढें त्या चित्रांतील एका स्त्रीचे पट्ट्याचे बूट आणि मग तिच्या गळ्यांतील माळ त्यांच्या मनांत घोळत राहते, आणि ती माळ त्यांना आपल्या अविवाहित आत्याची आठवण करून देते. हें विवेचन हृद्य आहे, यांत शंका नाहीं. आमचा मतभेद आहे तो पहिल्या अभिप्रायाशीं. पट्ट्याचे बूट, गळ्यांतील माळ आणि इस्त्रीचा कोट हे गोऱ्यांचे, असें कोणीं ठरविलें? नीटनेटकें राहणें ही कोणत्याही वर्णाची मिरासदारी नव्हे. आमच्याकडेही कोट-पगडी घालून खुर्चींत ताठ बसलेल्या आजोबांच्या फोटोला साहेबाची नक्कल म्हणून हंसणारे आहेत. आम्हीही हंसलों आहों. आमच्या आजोबांनीं आयुष्यांत एकदांच फोटो काढविला, आणि त्या दिवशीं घरांत जें उत्तम होतें तें अंगावर घातलें, ही गोष्ट मात्र तेव्हां आमच्या ध्यानांत आली नाहीं.

याचा अर्थ व्हॅन डर झी यांच्या कलेंत दोष नाहींत, असें नव्हे. तोच पडदा आणि तेंच सामान पुन्हां पुन्हां येतें, आणि चित्रें सलग पाहूं लागल्यास कंटाळा येतो. मृतांच्या छायाचित्रांवर त्यांनीं छापलेले देवदूत व पद्यपंक्ति आम्हांस भावविवश वाटतात. शिवाय ज्यांना स्टुडिओचा दर परवडत नव्हता, ज्यांचा संसार मोडला किंवा मांडलाच गेला नाहीं, त्यांना या चित्रसृष्टींत फारशी जागा नाहीं. केवळ या चित्रांवरून सबंध हार्लेमचें अनुमान करूं जाणारा फसेल.

त्यांच्या स्वतःच्या संसाराकडे पाहिलें म्हणजे मात्र 'भावी आशा' हें चित्र निराळेंच दिसूं लागतें. पहिल्या पत्नीपासून त्यांना दोन अपत्यें झालीं. मुलगा एमिल तान्हेपणींच गेला. पुढें पतिपत्नीही विभक्त झालीं. म्हणजे तें चित्र केलें तेव्हां एक मूल गमावल्याचा अनुभव त्यांच्या पदरीं होता. आणि १९२७ सालीं मुलगी रेचेल वारली. शवपेटींत ठेवलेल्या तिचें शेवटचें छायाचित्र त्यांनीं स्वतः घेतलें. त्यानंतरही अनेक वर्षें ते दुसऱ्यांच्या लग्नांचीं चित्रें काढीत आणि दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे उजळीत राहिले. यावरून कोणताही सिद्धांत काढण्याची आमची इच्छा नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, न जन्मलेल्या मुलीला बाहुली देऊन बसविणाऱ्या या माणसाला आशेची किंमत ठाऊक नव्हती, असें कोणीं समजूं नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर हातांतले स्वस्त कॅमेरे घरोघर झाले आणि स्टुडिओंत जाण्याची गरज कमी होत गेली. जुने, फाटलेले फोटो दुरुस्त करून देण्यावर व्हॅन डर झी यांनीं गुजराण केली. १९६९ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें हार्लेमविषयीं प्रदर्शन भरविलें. कृष्णवर्णीय चित्रकारांच्या कृतींना त्यांत स्थान नाहीं, म्हणून त्याविरुद्ध निदर्शनेंही झालीं. परंतु व्हॅन डर झी यांचीं चित्रें तेथें मोठ्या संख्येनें होतीं, आणि ८२ वर्षांच्या या गृहस्थाला एकाएकीं कीर्ति लाभली. त्याच वर्षीं त्यांना पत्नीसह राहतें घर सोडावें लागलें. नव्वदी उलटल्यावर त्यांनीं पुन्हां कॅमेरा हातीं घेतला, १९८२ सालीं तरुण चित्रकार बास्किया यांचें छायाचित्र काढलें, आणि १५ मे १९८३ रोजीं ते निवर्तले. २०२१ मध्यें तेंच मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि हार्लेममधील स्टुडिओ संग्रहालय यांनीं मिळून त्यांचा संग्रह मिळविला. त्यांत सुमारें २०,००० छायाचित्रें व ३०,००० निगेटिव्ह आहेत.

वाचकांस आमची एकच विनंति आहे. घरांतील एखादें जुनें लग्नाचें किंवा कुटुंबाचें चित्र भिंतीवरून उतरवावें आणि त्याच्या पुठ्ठ्यावर खालीं कोंपऱ्यांत काय आहे तें पाहावें. आमच्या आजोबांच्या चित्रावर तेथें स्टुडिओचें नांव आणि गांव सुबक अक्षरांत छापलेलें आहे. पन्नास वर्षें तें चित्र डोळ्यांसमोर असून आम्हीं तें नांव वाचलें नव्हतें. परवां प्रथमच वाचलें.