झिंगालाला ही कोणाची भाषा?

गॅदरिंगमधलं 'आदिवासी नृत्य' आता इतकं ठरून गेलंय की ते बसवायला कुणी लागतच नाही. अंगाला काळा रंग, कमरेला झाडपाला, हातात भाला, मधोमध खोटी शेकोटी आणि 'झिंगालाला हुर्र'. पोरं मजा करतात, पालक व्हिडिओ काढतात, संध्याकाळपर्यंत रील फिरू लागतं. यात वाईट काय, असं विचारलं की उत्तर तयार असतं : गंमत आहे, एवढं काय मनावर घेता?

मी नंदुरबारची. २०११ च्या जनगणनेनुसार आमच्या जिल्ह्यात शंभरातले सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिली, पावरी, मावची, देहवाली या इथल्या बोली. 'झिंगालाला' यातल्या एकीचाही शब्द नाही. १९७८ च्या 'शालीमार' या हिंदी सिनेमातल्या गाण्याने तो गाजवला, पुढे टाटा स्कायने तो जाहिरातीत वापरला. म्हणजे ज्यांची नक्कल म्हणून हे चालतं, त्यांचं त्यात काहीच नाही. नक्कल करायलाही आधी माणूस नीट बघावा लागतो. माझा पहिला आक्षेप या आळसावर आहे.

आता अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी बघा. तिथेही वेशच आहेत. मोरपिसांचे उंच टोप, अंगावर पांढरी नक्षी, कमरेला घुंगरू. पण तो वेश घेणारा बावा नवसाचे दिवस पाळतो. खाटेवर झोपत नाही, अंघोळ करत नाही. रात्रभर नाचून पहाटे होळी पेटते. आणि तिथे हसूही भरपूर असतं, सोंगं काढून लोकांना हसवणारे असतात. तेव्हा वेश घेऊच नका, कुणावर हसूच नका, असं माझं म्हणणं नाही.

दुसऱ्याचा वेश घेणं मराठीला नवं नाही. एकनाथांनी भारुडांत महार, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी रूपं घेतली. पण 'जोहार' घालणारा महार तिथे पाटलाला, गावाला शहाणपण सांगतो. ज्याचा वेश घेतला, शहाणं वाक्य त्याच्याच तोंडी. हीच कसोटी आजच्या स्किटला लावून पाहा. स्किटमधल्या आदिवासीला बोलायला मिळतं ते फक्त 'हुर्र'. विनोद फसतो तो इथे.

शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता अनेकांनी वाचली असेल. ज्यांचं दुःख आहे ते खाली बसलेले आणि स्टेजवरून दुसरेच ते सांगतायत, हा तिचा विषय. गॅदरिंगमध्ये स्टेज तेच राहतं, फक्त दुःखाच्या जागी गंमत येते.

यावर एक खरा प्रतिवाद आहे. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, इथली पोरं स्वतःच पारंपरिक वेश करून डीजेवर नाचतात, रील टाकतात. मग आम्हीच का नाही? फरक दुसऱ्या दिवशी कळतो. तुम्ही रंग धुता आणि विषय संपतो. धडगावचा मुलगा पुण्याच्या हॉस्टेलवर पोचतो, तेव्हा 'झिंगालाला' त्याच्या आधी तिथे पोचलेलं असतं. मी नुसतं 'नंदुरबार' म्हटलं तरी खोलीतल्या मुलींनी तो आवाज काढला होता. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. दुसरं काही त्यांना माहीतच नव्हतं. अशा वेळी आलेला मुलगा एकतर हसण्यात सामील होतो, नाहीतर आपली बोली फोनवरही हळू आवाजात बोलू लागतो. गमतीची किंमत ही, आणि ती भरतो कोण, तेही स्पष्ट आहे.

बंदी वगैरे मला नको. बंदी आणली की सगळे रागावतात आणि शिकत कुणीच नाही. पुढच्या वेळी असं नृत्य बसवणाऱ्यांना एवढंच विचारा : हा नाच कोणत्या जमातीचा, कोणत्या गावचा, आणि हे वाद्य कोणतं? उत्तर आलं तर खुशाल नाचा, आम्हीही येऊ. उत्तर नसेल तर निदान पाटीवरून 'आदिवासी' हा शब्द तरी पुसा.