आव्हेतिस्यान, मिनास
आव्हेतिस्यान, मिनास : (२० जुलै १९२८–२४ फेब्रुवारी १९७५). विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अग्रगण्य आर्मेनियन चित्रकार. ‘मिनास’ या नावानेच तो विशेष प्रसिद्ध आहे. उत्तर आर्मेनियातील जाजुर या डोंगराळ खेड्यात एका लोहाराच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. येरेव्हान येथील तेर्लेमेझ्यान कलाविद्यालयात आणि नंतर लेनिनग्राड येथील रेपिन संस्थेत त्याचे शिक्षण झाले (१९६०). येरेव्हानमध्ये १९६२ साली भरलेल्या पाच चित्रकारांच्या प्रदर्शनाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

सोव्हिएट कलेत समाजवादी वास्तववादाचे वर्चस्व असताना मिनासने वेगळा मार्ग चोखाळला. ‘जाजुर’ (१९६०), ‘माझे आईवडील’ (१९६२) यांसारख्या चित्रांतून तो जन्मग्रामाकडेच वारंवार वळतो. डोंगरउतार, सपाट छपरांची घरे, भाकरी भाजणाऱ्या स्त्रिया हे त्याचे विषय साधे आहेत; परंतु त्यांची मांडणी वर्णनपर नाही. यथादर्शनाचे नियम तो शिथिल करतो आणि रंगांची सपाट, विस्तीर्ण क्षेत्रे एकमेकांशेजारी ठेवून अवकाश निर्माण करतो. या पद्धतीचे नाते मध्ययुगीन आर्मेनियन हस्तलिखितांतील लघुचित्रांशी व चर्चमधील भित्तिचित्रांशी जुळते.

मार्तिरोस सार्यान (१८८०–१९७२) या ज्येष्ठ चित्रकाराशी त्याची तुलना अपरिहार्यपणे केली जाते. दोघांचेही मुख्य साधन रंग हेच होय. तथापि सार्यानच्या चित्रांतील रंग सूर्यप्रकाशाने उजळलेला आणि आनंदमय आहे, तर मिनासचा तांबडा रंग आतून धगधगणारा वाटतो. त्याच्या मानवाकृती स्तब्ध, लांबट व गंभीर आहेत. तप्त रंग आणि निश्चल आकृती यांमधील ताणातून त्याच्या चित्रांना शोकात्म गांभीर्य लाभते. आत्मचित्रांत ते अधिकच प्रकर्षाने जाणवते. क्वचित हे गांभीर्य ठरावीक आकृतिबंधात गोठते व आकृती केवळ प्रतीके बनतात. परंतु उत्कृष्ट चित्रांत असे होत नाही.

त्याने लेनिनाकान (सध्याचे ग्युम्री) परिसरात कारखान्यांसारख्या सार्वजनिक वास्तूंतून भित्तिचित्रे रंगविली. आराम खाचातुर्यानच्या ‘गायाने’ या बॅलेचे नेपथ्यही त्याने केले (१९७४).

त्याच्या कलाकृतींच्या वाट्याला मात्र मोठा विनाश आला. १९७२ च्या प्रारंभी त्याच्या चित्रशाळेला आग लागून अनेक चित्रे भस्मसात झाली. येरेव्हान येथे मोटारीच्या अपघातात जखमी होऊन वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी तो मरण पावला. पुढे ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात जाजुर येथील त्याचे संग्रहालय उद्ध्वस्त झाले व कित्येक भित्तिचित्रेही नष्ट झाली. संग्रहालयाची नंतर पुनर्बांधणी करण्यात आली.

या आपत्तींमुळे मिनासभोवती एक दंतकथा निर्माण झाली आणि त्याच्या चित्रांतील तांबड्या रंगात आगीचे पूर्वसूचन पाहण्याची प्रवृत्ती बळावली. हा अर्थ चित्रांवर बाहेरून लादलेला आहे. तो रंग आगीपूर्वी दशकभर त्याच्या चित्ररचनेचा पाया होता आणि त्यामागे काटेकोर संयोजन होते. येरेव्हान येथील राष्ट्रीय कलावीथीत व आधुनिक कला संग्रहालयात असलेली त्याची चित्रे याची साक्ष देतात. त्याचे श्रेष्ठत्व त्याच्या दुर्दैवावर अवलंबून नाही; परंपरेतील रंगभाषेला त्याने आधुनिक मनाची व्यथा व्यक्त करण्याचे सामर्थ्य दिले, यातच ते आहे.