सही आधी, मजकूर मागून

रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांचा अंकीय स्वाक्षरीवरील निबंध 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'च्या फेब्रुवारी १९७८ च्या अंकात आला. त्याचा हवाला सगळे देतात, वाचणारे थोडे. निबंध जेमतेम सात पानांचा आहे आणि अकरावीच्या विद्यार्थ्याला शिक्षकांच्या मदतीने त्यातले बरेचसे समजू शकेल. मात्र तो श्रद्धेने वाचू नये. त्यातले एक विधान तरी फळ्यावर तपासून पाहावे.

३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. सही करणाऱ्याची गुप्त किल्ली ७ आणि सर्वांना ठाऊक असलेली किल्ली ३ घेऊ. संदेश २ असेल, तर २ चा सातवा घात १२८. त्याला ३३ ने भागून उरलेली बाकी २९, ही सही. पडताळणारा २९ चा घन करून ३३ ने भागतो. बाकी २ येते. याच रीतीने ७ या संदेशाची सही २८ येते.

लेखकांचे म्हणणे असे, की मजकूर बदलला तर त्याची नवी सही करावी लागेल आणि गुप्त किल्लीवाचून ती करता येणार नाही. आता २९ आणि २८ यांचा गुणाकार करा, ३३ ने भागा. बाकी २०. वीसचा घन ८०००, त्याची बाकी १४! दोन आणि सात रुपयांच्या सह्या ज्याच्या हाती पडल्या, त्याने किल्लीला हात न लावता चौदा रुपयांची सही तयार केली. ३३ ही संख्या लहान आहे म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. पण सहाशे अंकी संख्या घेतली तरी हेच होते. याहून सोपी युक्तीही आहे. कोणतीही संख्या सही म्हणून आधी घ्यावी आणि तिचा घन करून मजकूर मागून मिळवावा. मजकूर निरर्थक निघेल, पण सही चोख!

म्हणूनच आजचा प्रोग्रॅम मूळ मजकुरावर सही करीत नाही. तो मजकुराचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा गोषवारा, काढतो (एसएचए-२५६ पद्धतीत ३२ बाइट), त्याला नेमून दिलेली जोड लावतो आणि मग घात केला जातो. ही पायरी १९७८ च्या पद्धतीत नाही. शाळा-कॉलेजांत शिकवताना ती अजूनही गाळली जाते, ही माझी खरी तक्रार.

गुप्त किल्ली ठेवायची कुठे, याचे उत्तर म्हणजे चिप असलेले कार्ड. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंटांजवळ दिसणारे यूएसबी टोकन त्याच जातीचे. पिन दिला की संगणक हॅश आत पाठवतो आणि सही बाहेर येते. किल्ली आतच राहते. पण कार्डाला डोळे नाहीत. पडद्यावर एक पत्र दाखवून दुसऱ्याच पत्राचा हॅश आत पाठवला, तर कार्ड त्यावरही निमूटपणे सही करील.

एका बाबतीत निबंध काळाच्या कसोटीला पुरेपूर उतरला आहे. मूळ संख्या मोठ्या आणि यदृच्छेने निवडलेल्या हव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे एका चिपमधील प्रोग्रॅमने वेळ वाचवण्यासाठी विशिष्ट साच्यातल्या मूळ संख्या घेतल्या. ब्रनो येथील मासारिक विद्यापीठातील संशोधकांनी तो साचा ओळखला. सार्वजनिक किल्लीवरून गुप्त किल्ली काढता येण्याचा धोका निर्माण झाला. एस्टोनिया देशाची ओळखपत्रे याच चिपवर होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुमारे ७ लाख ६० हजार कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. प्रमाणपत्र कोणी दिले, त्याची मुदत आहे का, ते स्थगित तर नाही, हे न विचारता फक्त घातांचे गणित जुळवणारा प्रोग्रॅम मात्र त्या दिवशीही 'सही बरोबर' असेच सांगत राहिला असता.