अंगणवाडीतलं अंगण

सुनेला सातवा महिना लागला, तेव्हा ओटीभरणाला आलेल्या बायकांनी खणा-नारळाबरोबर तीन पुस्तकंही दिली. तिन्ही गर्भसंस्काराची. सून बेंगळूरला नोकरी करते. कार्यक्रम आटोपून ती परत गेली आणि पुस्तकं बेळगावात माझ्याकडेच राहिली. आमच्या वेळी असलं काही मिळत नव्हतं, म्हणून दुपारी हात रिकामे झाले की मी एकेक वाचायला घेतलं.

तिन्ही वाचून झाली आणि लक्षात आलं, की सगळी वाक्यं एकाच माणसाला उद्देशून आहेत. आईने प्रसन्न राहावे, आईने लवकर उठावे, चांगले ऐकावे, चांगले वाचावे, चिडू नये, रडू नये. बाळ झाल्यावर त्याच्याशी सतत बोलावे, गावे, त्याला मोबाइलपासून दूर ठेवावे. एका पुस्तकात वडिलांसाठी दीड पान आहे, पण तेही बायकोला आनंदात कसे ठेवावे याबद्दल. सासू, नणंद, शेजारीण, ऑफिसातला साहेब, सरकार यांनी काही करावे असं कुठे लिहिलेलं नाही.

यातला सल्ला खोटा आहे असं मी म्हणत नाही. पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस महत्त्वाचे, हे आता डॉक्टर आणि आरोग्यखातंही सांगतं. या काळात मेंदूची वाढ फार झपाट्याने होते. बाळाने हुंकार द्यावा, आपण त्याला उत्तर द्यावं, या साध्या देवाणघेवाणीतून ते भाषा शिकतं आणि माणसं ओळखू लागतं. पण रात्री चार वेळा उठलेल्या बाईला सकाळी प्रसन्नपणे हुंकाराला उत्तर देता यावं, यासाठी तिची झोप कुणीतरी राखायला हवी. ती कुणी राखायची, याचं उत्तर या पुस्तकांत शोधून सापडलं नाही.

त्याच कपाटात खालच्या फळीवर अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र होतं. कॉलेजात असताना वाचलेलं. तेव्हा त्यातली अनुताईंची जिद्द भावली होती. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, मास्तरकी, आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मिळवलेली बी.ए.ची पदवी. आपल्या समाजात मगनबाईंनी ऐन तारुण्यातल्या वैधव्यानंतर मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, त्याच जातीची ही जिद्द. पण या वेळी गर्भसंस्काराच्या पुस्तकांवर उतारा म्हणून अनुताईंकडे परत गेले, तेव्हा मला त्यांचं काम वेगळंच दिसलं.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई बोर्डीला आल्या. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. माँटेसोरी पद्धत त्यांना पक्की ठाऊक होती, आणि तिची साधनं आपल्या खेड्यांना परवडणारी नाहीत हेही ठाऊक होतं. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशी गावातच सापडणारी साधनं त्यांनी वापरली. हे सगळं आपण शाळेच्या धड्यात वाचलेलं असतं. धड्यात ज्यावर कुणी थांबत नाही, ती गोष्ट पुढची आहे. बालवाडी उघडली, तरी हरिजनवाड्यातली मुलं येईनात. तेव्हा या बायकांनी आईबापांना दोष देत न बसता बालवाडीच उचलली आणि वाड्यातल्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ घातलं, केस विंचरले, नखं कापली आणि तिथेच गाणी-गोष्टी सुरू केल्या. तीच अंगणवाडी. शब्दही तिथलाच.

पुढे १९५७ साली काम कोसबाडला, वारली पाड्यांत गेलं, तेव्हाही असंच झालं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शिक्षक कुरणात गेले. त्याला कुरणशाळा म्हणत. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असतं. तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. ताईने धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत बसवायचं आणि आपण पाटी घेऊन वर्गात जायचं.

माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा एका प्रश्नात आहे. ‘तुम्ही का येत नाही?’ हा प्रश्न कुणीही विचारतो. या दोघींनी विचारलं, ‘तुम्हाला कशाने अडवलंय?’ पहिल्या प्रश्नातून उपदेश निघतो, दुसऱ्यातून पाळणाघर. पालकांना आधार द्यायचा तो असा, हे त्यांना ऐंशी वर्षांपूर्वी कळलं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिलं. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणी, शाळापूर्व शिक्षण आणि आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, अशा सहा सेवा ठरल्या. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. आपण कितीही नाकं मुरडली, तरी गरीब घरातल्या मुलांसाठी एवढं मोठं दुसरं काही नाही.

पण आमच्या वस्तीजवळच्या अंगणवाडीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. तेही माझ्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईमुळे. तिची मोठी मुलगी पाचवीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडायची. विचारलं, तर म्हणाली, “काकू, मोठी घरात असली तरच मी कामाला येतो. धाकटीला कोण बघणार?” धाकटी दीड वर्षाची. मी तिला घेऊन अंगणवाडीत गेले.

एक भाड्याची खोली, भिंतीवर फळं-प्राण्यांचे तक्ते, वीसेक मुलं. मदतनीस आत स्वयंपाकाला लागलेली. सेविका मुलांशी कन्नड बोलत होती आणि मराठी मुलं घुटमळली की मदतनीस आतून मराठीत ओरडून सांगत होती. सेविकेने आम्हाला बसायला सतरंजी दिली. नियम सांगितला, की मुलं तीन वर्षांनंतर इथे बसतात. त्याआधीच्या मुलांना घरी न्यायला शिधा मिळतो, वजन होतं, लस मिळते. दिवसभर सांभाळायची सोय नाही. मग जरा थांबून म्हणाली, “अक्का, पोरांना गोष्टी सांगायच्या म्हणून आलो मी या कामाला. आता रजिस्टर आणि मोबाइल भरण्यातच दिवस जातो.”

विकासवाडीतली पाळणाघराची खोलीच कुणीतरी वगळून बाकीची इमारत उचलून आणावी, तसं मला वाटलं. अंगणवाडी हे नाव घेतलं, पण ज्या खोलीमुळे ताईला शाळेत जाता येत होतं, ती खोली यादीत आली नाही.

दुसरं उदाहरण आपल्या राज्याचंच. २०१७ साली कर्नाटकात मातृपूर्ण योजना आली. गरोदर आणि बाळंतीण बायकांना दुपारचं गरम जेवण, दूध, शेंगदाण्याची चिक्की. हेतू उत्तम. पण जेवायला बाईने अंगणवाडीत यायचं. आता बाळंतीण बाई आपल्याकडे महिना-दीड महिना उंबरा ओलांडत नाही, आणि शेतात कामाला जाणारीला दुपारी परत येणं जमत नाही, हे इथली कुठलीही म्हातारी सांगेल. बोर्डीत अंगणवाडी बाईच्या दारात गेली होती. इथे बाईने अंगणवाडीच्या दारात यायचं ठरलं. नाव तेच राहिलं आणि चालण्याची दिशा उलटी झाली. अलीकडे ग्रामपंचायतींत रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या लहानग्यांसाठी ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचं घर, सुरू झालं आहे. ते विकासवाडीच्या जवळचं आहे. ते टिकावं.

कोसबाडच्या कामाबद्दलही एक खटकलेलं सांगते. ते काम उभं राहिलं, कारण दोन बायकांनी आपलं सगळं आयुष्य त्यात घातलं. सरकारने त्यांच्याकडून अंगणवाडीचा शब्द घेतला, तसा त्यांचा त्यागही गृहीत धरला. सेविकेला पगार नाही, मानधन. आहार तिने वाटायचा, नोंदी तिने ठेवायच्या, घरभेटी तिने द्यायच्या आणि वर गाणीही म्हणायची. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. अनुताई हजारांत एखादी होते. लाखो बायकांनी अनुताई व्हावं या भरवशावर योजना चालवणं हा त्या बायकांवर अन्याय आहे, आणि त्यांच्यापुढे बसलेल्या मुलांवरही.

आता आपल्या घरात येते. अंगणवाडीचा विषय आपल्या श्राविका मंडळात एकदाच निघाल्याचं मला आठवतं, तो अंड्यांवरून. २०२१ साली राज्याच्या उत्तरेकडच्या काही जिल्ह्यांत शाळेत अंडी सुरू झाली, तेव्हा मठांतून विरोध झाला आणि आपल्यातल्यांनीही आवाज उठवला. मी स्वतः अंडं खात नाही, घरात आणत नाही, मरेपर्यंत आणणार नाही. पण ज्या अंगणवाडीत आपल्यापैकी एकीचंही नातवंड बसत नाही, तिच्या ताटाबद्दल आपण किती पटकन बोललो! त्या ताटासमोरच्या मुलाचं वजन किती आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. आपल्या मुलाला केळं मिळावं हा आग्रह रास्तच आहे. दुसऱ्याच्या मुलाला काय मिळावं हे ठरवण्याआधी निदान त्या खोलीत जाऊन बसावं, एवढं तरी अनेकांतवाद मानणाऱ्यांनी करायला हवं होतं.

आपण चार दानं मानतो. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. अंगणवाडीच्या सहा सेवा मी बोटांवर मोजल्या, तर त्या पहिल्या तीन दानांत बसतात. चौथं राहतं. तान्ह्या मुलाच्या आईला अभय कोण देतं?

मला ते कुणी दिलं, सांगते. तीस वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, कशाची म्हणून कमी नव्हती. बाळाला तेल लावायला बाई येत होती. पण मला दिवसभर रडू यायचं आणि का येतं ते सांगता यायचं नाही. घरातली मोठी माणसं म्हणायची, “तोंड पाडून बसू नको, दूध आटेल.” ते ऐकून भीती आणखी वाढायची. शेजारी एक कन्नड बोलणारी अक्का होती. निरक्षर. ती एका दुपारी आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, “मी बघतो बाळाला. तू पड जरा.” महिनाभर रोज दोन तास ती येत राहिली. तिने मला एकही सल्ला दिला नाही. आज डॉक्टर ज्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात, त्यातून मी त्या दोन तासांच्या झोपेमुळे वर आले, असं मला वाटतं.

लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण बोलते. चातुर्मासात आपण चौका लावतो, तेव्हा मुनिमहाराज काही मागत नाहीत. आपण पहाटेपासून तयारी करून दारात उभ्या राहतो. बाळंतीणही मागत नाही. तिच्या दारात मात्र आपण पुस्तक घेऊन जातो. मुलांसाठी आपली पाठशाळा आहे, सुट्टीत संस्कार शिबिरं आहेत, पण ती सगळी मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावर. त्याआधीची वर्षं आपण पूर्णपणे आईच्या अंगावर टाकली आहेत आणि वरून संस्काराची जबाबदारीही तिचीच म्हणतो.

हे मी मंडळात बोलले. चौघींनी नावं दिली. नव्या बाळंतिणीच्या घरी आळीपाळीने दुपारी दोन तास जायचं, सल्ला द्यायचा नाही, एवढंच ठरलंय. एकीने विचारलं, “आपल्या घरांत माणसं असतातच की, कशाला?” मी माझी अक्काची गोष्ट सांगितली. ती गप्प बसली. तिचं नाव अजून आलेलं नाही.

धाकटी आता सकाळी दहा ते बारा माझ्या सोप्यात असते. डाळीचे डबे उघडते, बंद करते, आणि मी तिच्याशी बोलत राहते. मोठी रोज शाळेत जाते. पुढच्या महिन्यात सुनेच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने बेंगळूरला जाईन. ती तीन पुस्तकं नेणार नाही. पण ते दोन महिने धाकटीला कोण बघणार, हे अजून ठरलेलं नाही. एका बाईच्या भरवशावर चाललेल्या कामाचं काय होतं, ते मीच वर लिहिलं आहे. म्हणून येत्या रविवारी पाठशाळा सुटल्यावर बस्तीतल्या बायकांना मी थांबवून घेणार आहे.